केसांचा रहिवासी दाखला

मी कुसळवाडीत राहत नाही, हे मला पहिल्यांदा एका यंत्रानं सांगितलं. त्याआधी सोळा वर्षं मी याच गावात नांदत होते, पिठाची गिरणी चालवत होते, आणि कुणाच्या घरी पाहुणे आलेत नि कुणाच्या घरी ज्वारी संपत आलीय, हे नुसत्या दळणावरून ओळखत होते. पण यंत्रापुढं माझं काय चालणार! तालुक्याच्या प्रयोगशाळेत भिंतीवरच्या पडद्यावर माझं नाव आलं, रेणुका गोरख शेळवणे, आणि त्याखाली: मागील बारा महिन्यांचा रहिवास आंबेकाठी, धरणक्षेत्र. कुसळवाडीशी जुळत नाही.

आंबेकाठी हे माझं माहेर. गेल्या वर्षभरात मी तिथं एकदाच गेले होते, भावाच्या वास्तुशांतीला, आणि जेवून संध्याकाळी परत आले होते.

आमच्या गावचं सरपंचपद त्या साली बायकांसाठी राखीव झालं होतं. उभं राहायचं म्हणजे नुसती हिंमत असून भागत नाही. वय एकवीस हवं, नाव मतदारयादीत हवं, तिसरं मूल नको, घरात संडास हवा आणि तो वापरात हवा, घरपट्टी थकलेली नको, सरकारी जागेवर घराची पायरीसुद्धा आलेली नको. जे हवं ते सगळं माझ्याकडं होतं आणि जे नको ते काहीच नव्हतं. नवी अट एकच, रहिवास चाचणीची. ती आली तेव्हा आम्हीच पेढे वाटले होते. आधीचा सरपंच अर्ज भरायला पुण्याहून आला आणि निवडून आल्यावर पुण्यालाच गेला. ग्रामसभेला तो फोनच्या पडद्यावर पंख्याखाली बसलेला दिसायचा. असे पाहुणे सरपंच राज्यभर झाले होते. म्हणून सरकारनं ठरवलं की तलाठ्याचा दाखला पुरे झाला, उमेदवार वर्षभर गावात होता की नाही ते त्याचं शरीरच सांगेल. चाचणीत न बसणाऱ्यावर कुणी हरकत घेतली की अर्ज बाद. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

"मॅडम, मशीन बिघडलंय तुमचं," मी म्हणाले.

प्रयोगशाळेच्या फरहाना मॅडम माझ्याहून लहान असतील. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "मलाही तसंच वाटलं. म्हणून तुमचा केस दोनदा तपासला. बसा, सांगते."

त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं गिरणीवर इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेतही सांगेन. पाणी सगळीकडं सारखं दिसतं, पण नसतं. पाण्यात जो ऑक्सिजन असतो त्याचे काही कण हलके, काही जरा जड. समुद्रावरून ढग निघाला की जड कण आधी खाली पडतात, म्हणून कोकणातला पाऊस जड आणि आमच्या पठारावरचा हलका. धरणाचं पाणी वर्षभर उन्हात तापतं, हलके कण आधी उडून जातात आणि जड मागं राहतात. आमटी आटली की खारट होते ना, तसंच. खोल बोअरच्या पाण्यानं ऊन पाहिलेलंच नसतं, ते आणखी वेगळं. जिथलं पाणी आपण पितो, तिथली ही खूण आपल्या केसात उतरते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून बारा सेंटिमीटर केस घेतला, की वर्षभर त्या माणसानं कुठलं पाणी प्यायलं ते महिन्यावार वाचता येतं.

"तुमच्या केसात बाराही महिने धरण आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"टँकरचं."

"पण कुसळवाडी टँकरमुक्त आहे. नळयोजना पूर्ण झाल्याची नोंद आहे."

"योजना पूर्ण झालीय. पाणी यायचं राहिलंय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा पडदा उघडला आणि कुसळवाडीच्या पाण्याचा मूळ नमुना कुठून घेतलाय ते पाहिलं. पथक मे महिन्यात आलं होतं. नळ कोरडे, आड कोरडा. उन्हात वैतागलेल्या पथकातल्या पोरांना अख्ख्या शिवारात एकच मोटार चालू दिसली, गावातलं बडं प्रस्थ असलेल्या दादासाहेबांच्या मळ्यातली. तिथं त्यांना जेवण मिळालं, सावली मिळाली आणि बाटलीभर पाणीही. तेच 'कुसळवाडीचं पाणी' म्हणून सरकारात जमा झालं.

त्या बोअरचं पाणी गावात एकच घर पितं, दादासाहेबांचं. नळयोजनेचं कंत्राट त्यांच्या मेहुण्याच्या नावावर, टँकर भाच्याच्या नावावर, आणि सरपंचपदाचा अर्ज बायकोच्या, शकुंतलाकाकूंच्या नावावर. सरकारी हिशेबानं कुसळवाडीत राहणारं घरही तेवढं एकच. आम्ही बाकीचे सगळे धरणात राहत होतो.

घरी आले तर माझे यजमान ओट्यावर बसलेले. गोरख त्याच टँकरवर होते. त्या नव्या गाड्या स्वतःच चालतात, पण कायद्यानं आत माणूस बसवावा लागतो. तो माणूस म्हणजे माझा नवरा. आंबेकाठीच्या धरणावर भरायचं आणि कुसळवाडीत रिकामं करायचं. मी त्यांना चिडवायचे, की बायकोला माहेरी न्यायला सवड नाही, पण माहेर मात्र रोज पाइपानं आणून ओतता. त्या दिवशी चिडवायची इच्छा नव्हती. बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

"दादा म्हणायलेत," गोरख खाली बघत म्हणाले, "सूट हाय म्हणं कायद्यात. आजारपणासाठी, नाहीतर घरगुती कारणानं बाहेर ऱ्हायलं आसंल, तर तसं लिहून द्यायचं. अर्ज ऱ्हातो. तू लिहून दे, वर्सभर माहेरी व्हते म्हणून."

"आन् दादाला माझा एवढा पुळका कशामुळं?"

पुळका कसला! मी चाचणीविरुद्ध बोलले तर टँकर निघणार, टँकर निघाला तर नळयोजना निघणार. आणि मी लिहून दिलं तर दुसऱ्याच दिवशी गावभर होणार, की नवऱ्याला टाकून वर्षभर माहेरी राहिलेली बाई आता गाव सांभाळायला निघालीय. एका दगडात दोन पक्षी.

"सई कर ना," गोरख म्हणाले. "एका कागदाचा तर सवाल हाय. मपली गाडी तरी ऱ्हाईल."

मला एवढा राग आला की हातातली पिशवी मी फेकून दिली. "तुमी रोज मपल्या माहेराचं पाणी आणून गावाला पाजता, आन् मी लिहून देऊ की मी तिकडं जाऊन पीत व्हते? मी कुठंबी गेले नव्हते. हितंच व्हते. तुमच्या आईचं आजारपण कुणी काढलं वर्सभर? आंबेकाठीनं?"

ते उठून गाडीकडं गेले. मला रडूही आलं, खोटं कशाला सांगू. नवरा वाईट नव्हता, भित्रा होता, आणि त्याच्या भिण्यावर आमची चूल चालत होती.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर माझी थोरली जाऊ कौसल्याताई आली. तिला सगळं सांगितलं. तिनं पीठ चाळत ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी तू एकटी खोटी ठरलीस. आपून समद्याच खोट्या ठरलो तर?"

मी पट्टा बंद केला. ती सहज बोलून गेली होती, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका बाईचा केस धरणाचा निघाला तर बाई धरणावर राहते. गावातल्या सगळ्याच बायकांचे केस धरणाचे निघाले तर? अख्खं गाव काही माहेरी गेलेलं नसतं! आणि उमेदवारी भरणाऱ्या प्रत्येकीची चाचणी सरकारनंच करायची, असा नियमच होता. अर्ज भरायला अजून चार दिवस होते.

तिथून जी गंमत सुरू झाली ती सांगायलाच हवी. अर्ज भरायला तयार बाया पुष्कळ, पण अटीत बसणाऱ्या कुठून आणायच्या? कौसल्याताईच पहिली बाद, तिला तीन मुलं. "तिसऱ्या टायमाला मला कुणी इचारलं व्हतं का?" म्हणत ती दिवसभर सासऱ्यांच्या फोटोकडं रागानं बघत होती. पारूबाईचं घर गायरानात. सुमनचा संडास पक्का, फरशी बसवलेला, पण आत कांदे भरलेले. "पाणीच नाय तर काय करू त्यात बसून?" ती म्हणाली. तिचे कांदे आम्ही चौघींनी उचलून पडवीत ठेवले आणि दोन घागरी ओतून संडास वापरात आणला.

खरी अडचण केसांची झाली. आमच्याकडं बाई विंचरलेले केस उघड्यावर टाकत नाही. गुंतवळ बोटाला गुंडाळायचा, त्यावर थुंकायचं आणि भिंतीच्या फटीत खुपसायचा. परक्याच्या हाती केस गेला की करणी होते. रखमाकाकू तर उठूनच निघाल्या. "सरकारला मपला केस द्यायचा? बरं व्हईल का त्येनं?"

"काकू," मी म्हणाले, "भांडेवाली आली की सगळा गुंतवळ काढून देता आन् वर मोठ्या वाटीसाठी भांडता. तवा नाय व्हत करणी?"

"तिची गोष्ट येगळी. ती वाटी देती."

"मग हितं सरपंचकी मिळायली. वाटीपेक्षा मोठी हाय."

हसत हसत दहा जणी तयार झाल्या. जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून तालुक्याला गेल्या, वेण्या सोडून फरहाना मॅडमपुढं रांगेत उभ्या राहिल्या, आणि केस तुटताना प्रत्येकीनं तोंडातल्या तोंडात थू थू केलं. मॅडमनी त्याला हरकत घेतली नाही.

निकाल लागले. दहाच्या दहा धरणक्षेत्रातल्या, मला धरून अकरा. आयुष्यात तालुक्याच्या पुढं न गेलेल्या रखमाकाकूही धरणातल्या. एकट्या शकुंतलाकाकू तेवढ्या कुसळवाडीच्या.

छाननीला तहसीलमधली खोली गच्च भरली होती. निवडणूक अधिकारी टेंभेकर साहेब विदर्भाकडचे, मवाळ माणूस. दादासाहेबांच्या भाच्यानं आम्हा अकराही जणींवर हरकत घेतली. दादासाहेब बायकोशेजारी पांढऱ्या कपड्यात शांत बसले होते. शकुंतलाकाकू पदर घट्ट धरून खाली बघत होत्या. दादासाहेबांनी सांगितलं की उठायचं आणि सांगितलं की बसायचं, एवढंच त्यांचं निवडणुकीतलं काम होतं.

"हे बघा बाई," साहेब मला म्हणाले, "मला नियमाबाहेर जाता येत नाही. पण सवलत आहे. तात्पुरतं बाहेर राहिल्याचं तुम्ही सगळ्यांनी लिहून द्या. मी अर्ज मंजूर करतो. कुणाचं नुकसान नाही."

दादासाहेबांनी मान हलवली. म्हणजे त्यांचंही नुकसान नव्हतं.

मी उभी राहिले. आवाज कापला नाही, याचं मला अजून बरं वाटतं. "साहेब, मी खोटं लिहून देणार नाही. मी गावातच होते. पाणी गावात नव्हतं."

"म्या बी गावातच व्हते," रखमाकाकू मागून ओरडल्या. मग सुमन, मग बाकीच्या. साहेबांना हात वर करावा लागला.

"पण टँकर कागदावर नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता पाणी बाहेरून येतं. कोण आणतं? कुणीतरी सांगायला हवं ना."

गावात टँकरवर बसणारे तिघे, तिघेही दारापाशी उभे होते. त्यातल्या दोघांनी मान फिरवली.

"मी आणतो," गोरख म्हणाले.

"गोरख," दादासाहेब हलकेच म्हणाले, "इचार करून बोल बाबा."

"लई वर्सं इचारच केला दादा." गोरखनी गळ्यातला गाडीचा पास काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. "आंबेकाठीच्या धरणातून आणतो साहेब. रोज. माझी बायको कुठंबी गेलेली नाय. तिच्या हातची भाकर खाऊन मी रोज गाडीवर बसतो."

लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही हा माणूस एवढा बोलला नव्हता. मला तिथंच त्यांना हाक मारावीशी वाटली. पण साहेब नियमांचं पुस्तक चाळत होते.

मूळ नमुन्याबद्दल वाद निघाला तर गावाच्या सार्वजनिक पाण्याचा नवा नमुना जागेवर जाऊन घ्यावा, असं एक कलम निघालं. केसाला वेळ लागतो, पाण्याला लागत नाही; फरहाना मॅडमचं सुटकेसएवढं यंत्र अर्ध्या तासात पाणी वाचतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चला गावात."

सगळी वरात कुसळवाडीत आली. चावडीसमोर नळयोजनेचा पहिला नळ, त्यावर उद्‌घाटनाची संगमरवरी पाटी. साहेबांनी बाटली खाली धरून तोटी फिरवली. आतून फुस्स करून हवा आली आणि एक कोळी बाहेर पडला. दुसरा नळ, तिसरा नळ, तेच. शाळेजवळच्या नळाची तोटीच साहेबांच्या हातात आली. ती त्यांनी कारकुनापुढं धरली आणि म्हणाले, "पंचनामा लिहा."

"साहेब, आज पंप नादुरुस्त हाय," दादासाहेब म्हणाले. "पाणी घ्यायचं तर मळ्यात चला. मागच्या टायमाला बी तिथूनच घेतलं व्हतं."

"मळा खासगी आहे. मला गाव पितं ते पाणी हवंय."

"मग घरात या," मी म्हणाले.

माझ्या स्वयंपाकघरातल्या रांजणातून साहेबांनी स्वतः बाटली भरली. मग रखमाकाकूंच्या माठातून, मग पारूबाईच्या, मग साहेब बोट दाखवतील त्या घरातून. यंत्र चावडीच्या ओट्यावर मांडलं होतं. भोवती माणसं अशी दाटली की मॅडमना सारखं "उजेड सोडा, उजेड सोडा" म्हणावं लागत होतं. सगळ्या बाटल्यांनी एकच उत्तर दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि जाहीर केलं, "यापुढे कुसळवाडीचा मूळ नमुना हा. या अकरा उमेदवार गावच्या रहिवासी आहेत. हरकत फेटाळली."

काय गलका झाला! कौसल्याताईनं मला कवेत घेऊन गरागरा फिरवलं. बाकीच्या दहा जणी माझ्यासाठीच उभ्या होत्या, त्या तिथंच अर्ज मागं घेतो म्हणून ओरडायला लागल्या.

"थांबा, अजून संपलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "नमुना बदलला की सगळ्यांसाठीच बदलतो. शकुंतलाबाईंचा केस आता जुळत नाही."

गर्दीला हे कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. बोअरचं गोड पाणी पिणारं गावातलं एकमेव घर आता गावाबाहेर गेलं होतं. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"नियम आहे," साहेब म्हणाले. "शकुंतलाबाईंच्या रहिवासावर कुणाची हरकत आहे का?"

"हाय!" कौसल्याताई म्हणाली. "घे रेणुके, लिहून दे. आयती बिनविरोध व्हशील."

मी शकुंतलाकाकूंकडं पाहिलं. त्या ओट्याच्या कडेला एकट्या उभ्या होत्या. नवऱ्यानं उभं केलं म्हणून उभ्या, आणि आता नवरा त्यांच्याकडं बघतही नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली ओटी याच बाईनं भरली होती. त्यांच्या बांगड्या वाजायच्या त्या मी गिरणीतून ओळखायचे. ही बाई या गावची नाही, असं मी लिहून द्यायचं? मला ज्या शब्दांनी जाळलं, तेच मी दुसरीच्या अंगावर टाकायचे?

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"हरकत नाही साहेब. माझी नाही, आन् ह्यांच्यापैकी कुणाचीच नाही." मी मागं वळून पाहिलं. कौसल्याताईनं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. "काकू याच गावच्या हायेत. मशीन काय बी म्हणू द्या. कोण कुठलं पाणी पितं त्याच्यावरनं माणूस गावचं का नाही, ते ठरवायचं नसतं. मला बी नको ते, त्यांना बी नको. काकू, तुमचा अर्ज ठेवा तुमी. मला मतांनी पाडायचंय तुमाला."

दादासाहेब चटकन पुढं आले. "चला घरी," ते बायकोला म्हणाले. "उगं तमाशा नको. अर्ज काढून घेऊ."

शकुंतलाकाकूंनी पहिल्यांदाच मान वर केली. नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. डोईवरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या अर्ज. बघू की, कोण कुणाला पाडतंय."